पक्षीराणीचा डावा पंख

टाकेमावशी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळली नव्हती, पण गेमवाल्यांच्या संमेलनांचे हॉल तिच्या तळपायांना पाठ होते. कुठल्याही देशात जा, हॉल तोच. वर विमान मावेल एवढं उंच पत्र्याचं छत, खाली सिमेंट, आणि सिमेंटवर नावाला अंथरलेला करडा गालिचा. त्या गालिच्यावर चार दिवस काढले की टाचा अशा ठणकायच्या, की पुढचा आठवडा ती घरात भिंत धरून चालायची.

तिचं टेबल नेहमी कोपऱ्यात. एका अंगाला स्वच्छतागृहं, दुसऱ्या अंगाला सामान ठेवायची कपाटं. वर पाटी: ‘वेशभूषा दुरुस्ती’. गेममधल्या पात्रांसारखे कपडे करून माणसं हजारांनी यायची, आणि दुपारपर्यंत त्यांतल्या शंभरेकांचं काहीतरी उसवायचंच. कुणाची चेन अडकलेली, कुणाचं शेपूट गर्दीत पायाखाली आलेलं, कुणाचं फोमचं चिलखत खांद्यातून निखळलेलं. समोर राक्षस उभा असो की राजपुत्र, टाकेमावशी तोंडातल्या टाचण्या सांभाळत एवढंच म्हणायची, “वळ. हात वर.” परदेशात तेही बोलायची गरज पडत नसे. ती बोट फिरवायची आणि राक्षस निमूट वळायचा.

त्याआधी चोवीस वर्षं तिनं गणवेशांच्या कारखान्यात कॉलरी लावल्या होत्या. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बहिणीची मुलगी तिला पहिल्यांदा घेऊन आली. “मावशी, चार दिवस फक्त बस माझ्याबरोबर,” म्हणाली. पुढे भाचीचं लग्न झालं, ती दूर गेली, तिचा नाद सुटला. भाची सुटली आणि मावशी अडकली. वर्षातून चार-पाच संमेलनं, कधी इथे, कधी समुद्रापलीकडे. बॅगेत कपडे कमी आणि शिलाई मशीन जास्त. विमानतळावर ते मशीन उघडून दाखवता दाखवता तिची अकरा वर्षं गेली.

नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. “आज कोण कोण आलं होतं?”

“दोन अस्वलं, एक जादूगार आणि एक पोलीस.”

“पोलीस कुठल्या गेममधला?”

“खराच होता. बटण तुटलं होतं.”

प्रत्येक खेपेला निघताना ती म्हणायची, “हे शेवटचं हं.” आणि तो म्हणायचा, “तुझं शेवटचं म्हणजे माझं सिगारेट सोडणं.” वय एकसष्ट झालं होतं. अंग कुरकुरत होतं, डोळ्यांतून पाणी यायचं. पण हातात सुई आली की बोटं विशीतल्या पोरीसारखी धावायची. तेवढ्या एकाच गोष्टीचा तिला अभिमान होता.

त्या वर्षीचं संमेलन तिच्याच शहरात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास एक मुलगी टेबलापाशी आली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करणारी, पंचविशीतली. जखमी कोंबडी काखेत धरावी तसा तिनं एक भला मोठा पंख धरला होता. दुसरा पाठीवरून लोंबत होता. ती कुठल्याशा गेममधली पक्षीराणी झाली होती. एकेका पंखाला कापडाची सहाशे पिसं. प्रत्येक पीस तिनं स्वतः कापलं, दुमडलं, टाचलं होतं. दुकान सुटल्यावर रोज थोडं थोडं, असे चौदा महिने. आणि हॉलच्या फिरत्या दारात डावा पंख अडकून खांद्यापासून कोपरापर्यंत टरकन फाटला होता.

“चार वाजता स्पर्धा आहे,” ती म्हणाली.

ही वेशभूषेची मोठी स्पर्धा होती. पहिला येणारा जगातल्या सगळ्यात मोठ्या संमेलनाला, दूर देशी, या शहराच्या वतीनं जाणार होता. नियम एकच कडक. कपड्यातला टाका न् टाका स्पर्धकाचा स्वतःचा हवा. दुरुस्तीला दुसऱ्याचा हात लागला तर वीतभर माफ, त्यापुढे नाही.

“मी शिवते, मावशी. तुम्ही फक्त ताणून धरा. एकटीला धरून शिवता येत नाहीये.”

मावशीनं धरलं. दहा मिनिटं तिनं खरोखर नुसतं धरलं. पोरगी शिवत होती, आणि ते मावशीला पाहवत नव्हतं. टाके केवढाले, एक इथे तर एक तिथे. दोरा दुहेरी, कापड विरळ. जुन्या ओळींचीही तीच गत. मंचावर चार पावलं टाकली की हे पुन्हा उसवणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मागे अकरा माणसं रांगेत खोळंबली होती. त्यांतला एक सरडा आपलं डोकं हातात घेऊन उभा होता.

“आण इकडे,” मावशी म्हणाली.

“पण नियम...”

“नियम चार वाजता. आत्ता पंख.”

तिनं पंख ओढून घेतला. वीतभर शिवून झालं. मग कोपरापर्यंत झालं. मग वरची ओळ सैल दिसली म्हणून ती उसवून पुन्हा घातली. त्या ओळीला जोडून खालची, खालचीला जोडून कडेची. मशीन खडखडत होतं, रांग वाढत होती, आणि मावशीला कशाचंच भान नव्हतं. मुलगी आधी एक-दोनदा काही बोलायला गेली. मग पाणी प्यायली आणि आरशात बघून तोंड रंगवू लागली. साडेतीनला मावशीनं पंख झटकला तेव्हा तो असा उघडला की रांगेतल्या सरड्यानं टाळ्या वाजवल्या. उजवा त्याच्यापुढे ओल्या टॉवेलासारखा दिसत होता, पण त्याला हात लावायला वेळ उरला नव्हता.

मुलीनं पंखावरून हात फिरवला. “हा तर...” म्हणाली, आणि मावशीला मिठी मारून पळाली.

पाचला लाउडस्पीकरवर पुकारा झाला. पहिली, पक्षीराणी. मावशीनं थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि तो गरम आहे तोवर प्यायली. अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

अर्ध्या तासानं एक वयस्क गृहस्थ टेबलाशी आले. ते स्पर्धेचे परीक्षक होते. चाळीस वर्षं त्यांनी नाटकांचे कपडे शिवले होते. हातावर डावा पंख होता. त्यांनी तो टेबलावर उलटा अंथरला, अस्तर वर करून.

“बाई, हा कुणी शिवला?”

मावशीनं चहाचा पेला बाजूला ठेवला.

“उजवा एका हाताचा, डावा दुसऱ्या,” ते म्हणाले. “हा हात कुणाचा ते मला ठाऊक नाही. पण कुठे तयार झाला ते कळतं. हा कॉलरीचा टाका आहे. बक्षीस देऊन बसलो आणि मग पंख हातात घेतला, ही माझी चूक. वीतभर तुमचं असेल, तर तसं सांगा. मी जातो.”

त्यांनी सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं. एक ‘हो’ म्हटलं की झालं. मावशीनं पंखाकडे पाहिलं. एकसारखे, बारीक, नजर लागावी असे टाके होते.

“फाटलं होतं कोपरापर्यंत,” ती म्हणाली. “मी शिवलं सगळं.”

“सगळं कशाला?”

“हात थांबला नाही.”

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला. “माझाही थांबायचा नाही,” म्हणाले, आणि पंख उचलून गेले.

मग मुलगी आली. बक्षीस काढून घेतलं होतं, अंगावर पंख नव्हते, तोंडावरचा रंग ओघळला होता. ओरडली नाही. ओरडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

“मी तुम्हाला सगळं शिवायला सांगितलं नव्हतं.”

“नव्हतं सांगितलंस.”

“फक्त धरा म्हटलं होतं.”

“हो.”

“उसवलं असतं तर उसवलं असतं. मंचावर उसवलं असतं. मी हरले असते.” तिनं नाक पुसलं. “चौदा महिने मी वाईट शिवत होते, मावशी. पण मी शिवत होते.”

मावशीनं रांगेतल्या माणसांना उद्या या म्हणून सांगितलं, टेबलावर चादर टाकली आणि लंगडत आयोजकांच्या खोलीकडे गेली. आयोजकबाई तीन फोनवर एकदम बोलत होत्या.

“चूक माझी आहे,” मावशी म्हणाली. “पोरीची नाही.”

“खरं असेल,” बाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, “पण चूक कुणाची, असा रकानाच नाही आमच्या फॉर्मवर. दुसरी आलेली जाईल आता.” त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा फोन कानाला लावला.

घरी लेक आली होती. मावशीनं जेवताना सगळं सांगितलं. आपण खरं बोललो हे जरा जोर देऊन सांगितलं. नवरा म्हणाला, “मग झालं तर. खरं ते खरं.” लेक मात्र ताटात बोट फिरवत राहिली.

“आई, चौथीतला माझा रुमाल आठवतो? हस्तकलेचा?”

“आठवतो की. पहिला नंबर आला होता.”

“तुझा आला होता. मी झोपल्यावर तू उसवून पुन्हा शिवलास. बाईंनी सगळ्या वर्गासमोर कौतुक केलं. त्यानंतर मी सुई हातात धरली नाही. माझी बटणं अजून कोपऱ्यावरचा शिंपी लावतो.”

लेकीच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती द्यावी तसं ती बोलली. मावशीनं तो रुमाल तीस वर्षं माया म्हणून जपला होता. ती उठली, ताटं गोळा करायला लागली. लेक म्हणाली, “राहू दे, मी घासते.” मावशीच्या ओठांवर ‘तुला नाही जमणार, दे इकडे’ आलंच होतं. ते तिनं गिळलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पाय वर घेऊन बसली. आतून भांड्यांच्या आदळआपटीचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कारण चौथा दिवस बाकी होता.

पुढच्या संमेलनाला, समुद्रापलीकडे, तिनं टेबलाशी आणखी एक खुर्ची मागून घेतली. जो येईल त्याला त्या खुर्चीत बसवायचं, सुई त्याच्या हातात द्यायची आणि आपण फक्त कापड धरायचं. रांग दुप्पट झाली. काही वैतागून निघून गेले. आयोजकांनी विचारलं, पूर्वी दिवसाला शंभर दुरुस्त्या व्हायच्या, आता चाळीसच कशा? मावशीनं नुसती ती खुर्ची दाखवली. शिवण्यापेक्षा न शिवण्यानंच ती जास्त दमत होती. बोटं इतकी वळवळायची, की कधी कधी ती चक्क दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. चार-पाचदा मोडलाही तिनं आपला नियम. एकदा एका आईच्या हातातून झगा हिसकावून घेतला आणि मग कानाला खडा लावला.

वर्षानं तिच्या शहरात पुन्हा हॉल भरला. चष्म्याच्या दुकानातली मुलगी तिसऱ्या दिवशी आली. या खेपेला पंख नव्हते, साधा हिरवा झगा होता. बाहीपाशी सुटला होता.

“सुई आहे?” एवढंच म्हणाली.

मावशीनं सुई दिली. मुलगी खुर्चीत बसली नाही. टेबलाच्या कडेला उभी राहून, बाही दातांत धरून शिवू लागली. टाके अजूनही मोठे होते, पण आता एका ओळीत चालले होते. मावशी दुसरीकडे बघत होती, म्हणजे बघत असल्याचं दाखवत होती.

“बोला काय बोलायचंय ते,” मुलगी मान वर न करता म्हणाली.

“काही नाही.”

“बोला हो.”

“गाठ बाहेर घेऊ नकोस. कापडाच्या दोन पदरांमधे लपव. दंडाला टोचणार नाही.”

मुलीनं बाहीची कड उलटी केली. मग तिनं सुई दोन पदरांमधे घातली, गाठ मारली, दोरा तोडला आणि सुई परत दिली. “येते,” म्हणाली आणि गर्दीत शिरली. त्या वर्षी तिला कुठलाच नंबर मिळाला नाही, असं मावशीला नंतर कळलं. पण बाही शेवटपर्यंत टिकली.

रांगेत पुढे एक शिपाईगडी उभा होता, गुडघ्याचा पट्टा तुटलेला. मावशीनं कण्हत खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बस,” ती म्हणाली. “आधी दोरा ओव.”