वरून टिक नाही

अंबरनाथच्या आनंदनगरमधला आमचा कारखाना गेल्या मार्चअखेर बंद झाला. यंत्रं गुजरातला गेली, माणसं इथेच राहिली. ही हलवाहलव संगणकावर आखण्याचं काम प्लॅनिंगच्या मॅडमकडे होतं. मी स्टोअरला होतो.

मॅडम बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहत. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे चोळायचे आणि म्हणायचं, "वरून टिक नाही. खालून या."

असं सॉफ्टवेअर तुम्हीही वापरलं असेल. मोठ्या कामाच्या पोटात छोटी कामं असतात. आमच्याकडच्यात मोठ्या कामावर टिक केली की पोटातली सगळी आपोआप पूर्ण दिसत. आमची माणसं नेमकं तेच करत. मॅडम ती एकेक करून पुन्हा उघडत.

"मॅडम, एक बार दबाया की सगळं हिरवं. कशाला डोक्याला ताप?" उल्हासनगरहून येणारा फिटर म्हणायचा.

"हिरवं झालं ना? मग चालव मशीन. मोटर कुठंय?"

मोटर दुरुस्तीला वाइंडिंगवाल्याकडे पडलेली असे.

कारखाना बंद करायच्या कामांत मॅनेजरसाहेबांनी एक ओळ घातली होती : कामगारांना अनुभवाचे दाखले. मॅडमनी त्या ओळीच्या पोटात प्रत्येकाचं नाव टाकलं. दाखल्याशिवाय दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर कोणी उभं करत नाही.

शेवटच्या आठवड्यात हेड ऑफिसला अहवाल हवा होता. साहेबांनी वरच्या ओळीवर टिक केली. सगळी नावं हिरवी झाली. दाखले छापलेही नव्हते.

मॅडमनी नावं पुन्हा उघडली.

"अहो, पोस्टाने पाठवू नंतर," साहेब म्हणाले.

"कोण पाठवणार, साहेब? नंतर इथे आहे कोण?"

साहेब सह्या करायला बसले. दाखला हातात पडला की मॅडम त्या नावावर टिक करत. फिटरने आपलं नाव हिरवं झालेलं वाकून पाहिलं.

"आणि ताई, तुमचं?"

"माझं शेवटी." त्यांनी डोळे चोळले. "दमले रे आता."

शेवटच्या दिवशी साहेब सकाळीच गुजरातला निघाले. दुपारी मॅडमचं लॉगिन बंद झालं. त्यांचा दाखला छापून तयार होता, त्यावर सही नव्हती. तो तसाच पिशवीत घालून त्या गेल्या.

उरलेल्या कागदपत्रांसाठी कंपनीने मला अंबरनाथ पूर्वेच्या छोट्या ऑफिसात ठेवलं आहे. मॅडमच्या सहीबद्दल साहेबांना मेल केला. उत्तर आलेलं नाही.

आज सकाळी दाखल्यांची ती ओळ पाहिली. एक सोडून सगळी नावं हिरवी आहेत. काम उघडं आहे.