देवरावांचं बुधवारचं बोलावणं

सुपेल्याच्या बाजारात शिरेपर्यंत शीलाच्या चपलेचा अंगठा दोनदा निघाला होता, आणि देवरावांची दारं अजून पाचच झाली होती. यादीत अकरा होती. दोघं भिलाईच्या हुडको कॉलनीपासून चालत आले होते आणि परत हुडकोलाच जायचं होतं.

"काका, जाताना ऑटो करू का?" तिनं विचारलं.

देवराव काही बोलले नाहीत. खांद्यावरची कापडी पिशवी सारखी केली आणि पुढं चालत राहिले. शीलाला वाटलं, रागावले. बोलावणं का ऑटोत बसून करतात, असंच त्यांच्या मनात आलं असणार. ती पदर खोचून त्यांच्या मागं निघाली.

देवराव कापगते हे साकोलीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी भिलाईला आले आणि चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवर, काढून रिटायर झाले. वय आता एकाहत्तर. शीला विद्यापीठाच्या मानव्यविद्या विभागात कामाला होती. हॉल उघडायचा, खुर्च्या लावायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचं आणि सगळे गेले की कुलूप घालायचं. त्या कुलपावरूनच दोघांची ओळख झाली.

चार वर्षं झाली त्याला. निशा मॅडम तेव्हा विभागप्रमुख म्हणून नव्यानं आल्या होत्या. लोखंडाच्या या गावात इतिहास नि साहित्य शिकणारी मुलं एकमेकांना तोंडओळखीनंसुद्धा ओळखत नाहीत, हे त्यांना बघवेना. त्यांनी दर गुरुवारी एक व्याख्यान ठेवलं आणि गेटवर फळा लावला, की कोणीही यावं. येत होते अकरा-बारा जण. पाहुणे बोलायचे, आभार मानले जायचे, लोक समोसे खाऊन निघून जायचे. पुढच्या गुरुवारी दुसरेच अकरा.

देवरावांची बायको सिंधुताई त्याच वर्षी गेली. दुपार टळली की घर खायला उठायचं, म्हणून ते पाय नेतील तिकडं फिरायचे. एकदा फळा वाचून आत आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी दुर्गा नावाच्या, उतई गावच्या मुलीनं उभं राहून प्रश्न विचारला. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, यावर पुन्हा कधीतरी बोलू म्हणाले, आणि कार्यक्रम संपला. सगळे समोशांकडे वळले. शीलाचा गुरुवारचा उपास, तेव्हा ती सरळ कुलूप घेऊन आली. बघते तर हे गृहस्थ तसेच बसलेले.

"काका, कार्यक्रम संपला."

"संपला कसा? त्या पोरीचं काम अर्ध्यावर आहे ना."

"पाहुणे तर गेले."

"गेले? मंग चार्ज कोणाले देऊन गेले?"

म्हातारबुवा जरा सरकलेले दिसतात, असं शीलाला वाटलं. मग त्यांनीच नीट समजावून सांगितलं. भट्टी रात्रंदिवस चालते. आठ तास भरले म्हणून तिथला माणूस उठून जात नाही. त्याच्या बदलीचा माणूस येतो, त्याला रिलीव्हर म्हणतात. त्याला लॉगबुक दाखवायचं, काय झालं, काय केलं, काय बाकी आहे. त्यानं सही केली की मग आधीच्यानं जागा सोडायची. "चौतीस वर्षं मी तसाच घरी गेलो, बाई. मले असं नुसतं उठून जाता येत नाही."

दुसऱ्या दिवशी शीलानं ही गंमत निशा मॅडमना सांगितली. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांनी एक जाडजूड वही देवरावांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, बाकी काय राहिलं ते तुम्ही लिहीत जा.

तेव्हापासून आभार बंद झाले. व्याख्यान झालं की देवराव उभे राहायचे आणि हॉलभर नजर फिरवून विचारायचे, "बाकी काय?" ज्याचा प्रश्न सुटला नाही त्याचं नाव नि प्रश्न वहीत लिहायचा, आणि उत्तर शोधून आणतो म्हणणाऱ्याचंही नाव लिहायचं. पुढच्या गुरुवारची सुरुवात त्या वाचनानं व्हायची. लिहायचे मराठीत, वाचायचे हिंदीत. शिवाय बुधवारी प्रत्येकाच्या दारात जाऊन बोलावणं करायचे. ही रीत सिंधुताईंची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फोनवर सांगितलं तर बाया येत नाहीत, असं त्या म्हणायच्या, आणि अख्खी हुडको पायी फिरायच्या. बोलावणं उंबऱ्याबाहेर उभ्यानं करायचं, कुणाच्या घरात बसायचं नाही, नाहीतर फेरी पुरी होत नाही, हाही नियम त्यांचाच.

चार वर्षांत अकराचे सत्तर झाले. दुर्गा आता पीएच.डी. करत होती, आणि सुपेल्यात रेडिएटर दुरुस्त करणारा शामसुंदर तिला प्लांट उभारणाऱ्या जुन्या मजुरांची घरं शोधून देत होता. एरवी कशाला भेटली असती ही दोघं एकमेकांना.

पण गेले दोन गुरुवार काहीतरी बिनसलं होतं. आधीच्या गुरुवारी देवरावांनी "बाकी काय" विचारलं, माणसं बोलली, त्यांनी मान डोलावली, पण पेन हललं नाही. मग गेल्या गुरुवारी वाचायला उभे राहिले, पानं चाळली आणि "चष्मा घरी राहिला" म्हणून खाली बसले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. सगळ्यांनी पाहिला. त्या दिवशी शेवटी काही विचारणंही झालं नाही. लोक समोसे खाऊन गेले.

"शीलाताई, असं आणखी दोनदा झालं ना, तर आपण पुन्हा अकरावर येऊ," निशा मॅडम कुलूप घालताना हळूच म्हणाल्या होत्या.

म्हणून या बुधवारी देवराव स्वतःच "चालतेस का माझ्यासंगं?" म्हणाले, तेव्हा शीलानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

शामसुंदर दुकानात रेडिएटरला डाग देत बसला होता. दोघांना पाहून उठला, हात फडक्याला पुसले.

"आज बाई संगं? आमच्यावर भरवसा नाही राहिला का काका?"

देवराव हसले आणि शीलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "उद्या साडेतीनले. तुमचं बाकी आहे. त्या मजुराईच्या गाण्याचं उरलेलं आणतो म्हणाले होते."

"आणतो ना. बायको म्हणते, दुकान विक आन् गाणेच गोळा कर. उद्या कोण येऊन राहिलं?"

देवरावांनी पुन्हा शीलाकडं पाहिलं. शेवटी तिनंच सांगितलं, "रायपूरचे सर. प्लांटच्या आधी इथं गावं होती, त्याच्यावर बोलले होते ना दोन वर्षांमागं, तेच."

"परत? त्यांचं त ऐकलं आपण."

"काकांनीच हट्ट धरला म्हणे. कावून, ते मलेही माहीत नाही."

शामसुंदरनं चहाचा ग्लास वर करून दाखवला. देवरावांनी हात जोडून मान हलवली आणि बाहेर पडले.

मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन उतरलं होतं. मागून एक ट्रक आला. त्याचा हॉर्न असा लांबलचक वाजला की पुढचा सायकलवाला घाबरून खाली उतरला. देवराव मात्र रस्त्यावरून आपल्या चालीनं चालत होते, जसं काही वाजलंच नव्हतं. शीलानं त्यांच्या शर्टाची बाही धरून त्यांना कडेला ओढलं. ट्रकवाला काहीबाही बोलत निघून गेला.

"काय झालं?" देवरावांनी विचारलं.

शीला त्यांच्याकडं बघतच राहिली. ऑटोचं विचारलं तेव्हाचं गप्प राहणं, दर दारात तिच्या तोंडाकडं बघणं, वहीतलं न हललेलं पेन. सगळं एकदम तिच्यापुढं येऊन उभं राहिलं. तिनं बाही सोडली नाही. पुढची चार दारं तिनं तसंच त्यांना धरून केली, आणि प्रत्येक दारात देवराव बोलल्यावर घरच्यांशी बोलायचं काम आपणच केलं.

हुडकोच्या अलीकडं एका कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. कोणता देव, कोणालाच ठाऊक नाही. शीला रोज सकाळी कामावर जाताना तिथं एक फूल ठेवायची. आत्ताही तिनं चप्पल काढून हात जोडले. मग दोघं बाजूच्या पारावर टेकले. रस्त्यावर ओरडून विचारायला तिचं मन होईना. तिनं देवरावांच्या पिशवीतून वही काढली. दोन गुरुवारांपूर्वीच्या पानावर नुसती तारीख होती. तिनं त्याखाली लिहिलं, "काका, ऐकू येत नाही का?"

देवरावांनी वाचलं. पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, "थोडं थोडं येते."

तिनं लिहिलं, "कधीपासून?"

देवरावांनी परत पेन घेतलं, आणि मग त्यांना हसू आलं. "मले बोलता येते ना. मी कावून लिहून राहिलो?"

शीलाही हसली. हसता हसता डोळे पुसले.

"भट्टीचा आवाज लय," ते म्हणाले. "एक कान नोकरीतच गेला. दुसरा दिवाळीपासून. पोरानं कानाची मशीन घेऊन दिली. घरात ठीक आहे. हॉलमध्ये लावली का आठही पंखे कानात फिरतात, माणूस काही सापडत नाही."

"मंग सांगितलं कावून नाही?" शीला जोरात म्हणाली. पलीकडं चरणाऱ्या गाईनं मान वर केली. देवराव वहीकडंच बघत होते.

"अक्षर चांगलं आहे तुझं."

तिनं लिहिलं, "तिरोड्याच्या मराठी शाळेचं आहे."

"दिसते," असं म्हणून त्यांनी वही मिटली नि उठले. "चल. एक दार रायलं."

शीलाचं घर हुडकोतच मागच्या ओळीत होतं. ते आधी लागत होतं, तेव्हा तिला वाटलं, काका आपल्याला सोडून पुढं शेवटच्या दारी जातील. अंगणात तिची मुलगी मोना कपडे काढत होती.

"मम्मी, अंकल को अंदर तो बुलाओ, मैं चाय रखती हूँ."

शीलानं फाटक उघडलं नि हातानं खूण केली, या. देवराव बाहेरच थांबले. दुपारपासून दहा दारांत केली होती तशी शर्टाची कॉलर सारखी केली आणि वही काढली. वहीत एका जुन्या पानावर दोरा घातलेला होता. ते पान त्यांनी तिच्यापुढं धरलं.

वर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती, रायपूरचे सर आले होते त्या दिवसाची. खाली एकच ओळ. "शीलाबाई. गावं उठली, त त्याईचे देव कुठं गेले? बाकी."

तिला आठवलं. हॉल रिकामा झाल्यावर, कुलूप घालताना ती हे सहज म्हणाली होती, अर्धं स्वतःशीच. देवराव तेव्हा दारात चपला घालत होते. विसरली मात्र ती कधीच नव्हती. रोज फूल ठेवताना तो दगड तिला तेच विचारायचा. पण रायपूरच्या सरांपुढं, सत्तर माणसांत उभं राहून आपण असं काही विचारायचं, हे तिच्या मनालासुद्धा शिवलं नव्हतं.

"शीलाबाई," देवराव म्हणाले. एरवी ते तिला तू म्हणायचे. "उद्या गुरुवारी साडेतीनले हॉलमध्ये तुमाले बोलावणं आहे. तुमचं एक बाकी आहे. त्याच्यासाठीच रायपूरच्या सराईले परत बोलावलं."

शीलानं कमरेच्या चाव्या दाखवल्या आणि ओठ मोठे करून सावकाश म्हणाली, "मी हे काम करणारी, काका. अन् मले लिहिता मराठीच येते."

"मी चार वर्षं काय लिहिलं मंग? वाचताना हिंदी करायची." त्यांनी पेन वहीत घातलं आणि वही तिच्या हातात ठेवली. "सारे गेल्यावर हॉलमध्ये कोण रायते? तुमी. मंग वही दुसऱ्या कोणापाशी देऊ?"

मोना कपड्यांचा ढीग छातीशी धरून बघत उभी होती. शीलानं वही पदरानं पुसली, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

"प्रश्न तुमीच उभं राहून विचारा," देवराव म्हणाले. "मले ऐकू येणार नाही. सर जे सांगतील ते त्याच्याखाली लिहा, मंग साऱ्याईले बाकी काय ते विचारा अन् तेही लिहा. वही तुमी माझ्या हातात वाचाले देत नाही ना, तोपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही. तेवढं करा."