फॉर्मवर माझा नंबर

हे मी आजवर घरातसुद्धा बोलले नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तर सांगून राहिले — ओळखीच्यांसमोर जीभ उचलत नाही.

बरगी धरणाकडच्या गावांत मी बायकांना कॉम्प्युटर शिकवायला जायची. मी स्वतः पन्नाशीत शिकले. कुणी शिकवलं नाही, बटणं दाबून-दाबून आलं. त्याचा मला — काय म्हणू — ताठा होता.

त्या बायकांचे फोन नवऱ्यांच्या खिशात. सरकारी योजनांचे फॉर्म भरताना ओटीपी तर तिथल्या तिथे पाहिजे. म्हणून सगळ्यांच्या फॉर्मवर मी माझाच नंबर टाकायची. त्यात वाईट काय? तेव्हा तरी काही नव्हतं.

त्यांच्यात एक सुकवती. नवरा मासेमार, पदरात दोन पोरं, आठवी पास. पण हात असा चालायचा की पाहत राहावं. एकदा वर्गाच्या पाहणीला साहेब आले आणि नेमका माझ्याच हातातला टॅबलेट अडकून बसला. सुकवती उठली. "रहन दो दीदी, आपसे नईं बनेगा." एका मिनिटात करून दिलं. बायका हसल्या, साहेब हसले. मीही हसले — न हसून करते काय?

पुढे गावात सेवा केंद्र उघडायचं ठरलं. जमिनीचा कागद, पेन्शनचा अंगठा, सगळं गावातच होणार. ते चालवायला सुकवतीने अर्ज केला, भरला मीच. तिच्या निवडीचा मेसेज माझ्या फोनवर आला — सात दिवसांत होकार कळवा.

विसरले म्हणता आलं असतं. पण विसरले नव्हते. त्या सात दिवसांत मी दोनदा तिच्या गावी गेले. तिने विचारलंही, "कुछ आया क्या दीदी?" मी म्हटलं, नहीं. आठव्या दिवशी मेसेज पुसून टाकला.

काहून? तिचं नाव दिसलं की मला ते हसणं ऐकू यायचं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

केंद्र दुसऱ्या गावाला गेलं. सुकवतीच्या गावातल्या म्हाताऱ्या अजून अंगठा लावायला सकाळची बस धरतात. ती स्वतः शहरात, रिछाईच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. पोरं गावी, सासूपाशी.

मागच्या महिन्यात अधारतालच्या बाजारात भेटली. पाया पडली. म्हणाली, "आपने तो पूरी कोशिश करी थी दीदी, उन्हीं लोगों ने नईं लिया."

मी म्हटलं, "हाँ, वो लोग ऐसे ही हैं."

मग तिने माझी भाजीची पिशवी उचलून ऑटोत ठेवून दिली.