हौ म्हणणारा धुरकरी

शंकरपटाचं नुसतं नाव काढा, या वयातही माझे तळपाय शिवशिवतात. बालाघाटकडच्या लामत्याजवळ आमच्या गावात धान कापून झालं की मोकळ्या शेतात पट भरायचा. हलक्या छकड्यांना जुंपलेल्या दोन बैलजोड्या शेजारी शेजारी उभ्या, समोर झेंडी, आणि झेंडी पडली की जो धुरळा उडायचा! छकडा हाकणारा तो धुरकरी. मी गावचा पहिल्या नंबरचा धुरकरी होतो, आणि तो मान मला माझ्या मिशांपेक्षा प्यारा होता.

अडचण एकच होती. मला ऐकू येत नव्हतं.

उमेदीची वर्षं उकव्याच्या मँगनीज खाणीत गेली. दगडाला भोकं पाडायचं यंत्र दिवसभर हातात. कानात कापूस कोंबायचो, पण त्या घरघरीपुढे कापूस काय करणार? शेतीसाठी गावी परतलो तेव्हा अर्धेअधिक कान खाणीतच राहिले होते. एकटा माणूस समोर येऊन मोठ्याने बोलला तर त्याच्या ओठांवरून निभावून न्यायचो. चौघे बोलू लागले की सगळं गढूळ. बालाघाटचा डॉक्टर म्हणाला होता, नागपूरहून कानात घालायचं मशीन आणता येईल. मी म्हटलं, धुरकऱ्याने मशीन लावून पटात उतरायचं? लोक बैलांऐवजी मलाच बघायला येतील!

म्हणून मी माझा इलाज शोधला. लोक हसले की हसायचं, बोलायचे थांबले की ‘हौ’, म्हणजे हो, म्हणायचं. खूप वर्षं निभलं. पण चहाच्या टपरीवर बसणं सुटलं, भजन सुटलं. ओठांकडे बघून बघून संध्याकाळी डोकं भणभणायचं. दोघेजण हसताना दिसले की ते मलाच हसताहेत असं वाटायचं, आणि मी उगाच कुणाशी तरी भांडून घरी यायचो. बायको काही सांगायला आली की मी ‘हौ’ म्हणायचो. ती जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघायची आणि निघून जायची. पुढे पुढे तिने येणंच कमी केलं. भांडण नाही, कटकट नाही, म्हणून मी खूश होतो, बोला!

एका वर्षी पटात मी असा काही सुटलो की विचारू नका. अर्ध्या वाटेत बघतो तर दोन्ही बाजूंची माणसं उभी राहून हात वर करून ओरडताहेत. एवढी वाहवा! माझ्या अंगात वारं शिरलं. मी एक हात हलवून त्यांना दाद दिली आणि बैल आणखी जोरात हाकले. जिंकलो. नंतर पाहिलं तर जुवाची दोरी सुटून जू सरकलेलं आणि उजव्या बैलाची मान सोललेली. दोरी वळणाऱ्याच्या नावाने मी महिनाभर शिव्या घातल्या.

पुढच्या वर्षी पटाआधी पंचांची बैठक झाली. आमच्याकडे पंच भर बैठकीत हातावर पान ठेवतात. पान घेतलं की शब्द दिला, मग तो फिरत नाही. पंच काहीतरी बरंच बोलले, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात त्यांचे ओठ दिसेनात. दरवर्षीसारखं ‘यंदा जोडी उतरवतोस ना’ विचारत असणार, अजून काय? मी ‘हौ’ म्हणालो आणि पान तोंडात टाकलं.

पटाच्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून मी ऐटीत मैदानात आलो. छकडा जुंपला, जरा डोक्याचा पटका नीट करतोय तोवर माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, छकड्यावर चढला. माझे कासरे त्याच्या हातात! मी त्याचा दंड धरून खाली ओढला. तो ओरडला, “भाऊजी, तुमीच तर पान घेतलं ना! यंदा मी हाकतो म्हून!”

“कोनं घेतलं? माह्या बैलाले हात तर लावून पाह्य!”

गर्दी जमली. पंच आले. सगळे एकदम बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होतो. तेवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत आली. तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“मागच्या साली लोकं वाहवा करत नोहते,” ती म्हणाली. “थांब, थांब म्हनत होते. बैलाची मान सोलून राह्यलती.”

माझा हात आपोआप त्या बैलाच्या मानेवर गेला. तिथे केस पुन्हा उगवले नव्हते. आपल्या हाताने चारा घालून वाढवलेलं जनावर, आणि मी त्याच्या वेदनेवर हात हलवून दाद देत होतो.  मग मी भर मैदानात, बहुतेक गरजेपेक्षा फारच मोठ्याने, म्हणालो, “मले आयकू येत नाही!”

पंच माझ्या तोंडाजवळ आले. “हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. तूच सांगत नोहता.”

काय हसले लोक! आणि गंमत म्हणजे मीही हसलो, या वेळी कशाला हसतोय ते कळून. पंचांनी तोडगा काढला. मी हाकायचं, मेहुण्याने मागे उभं राहायचं. काही बिघडलं तर त्याने माझ्या पाठीत थाप मारायची, की मी बैल आवरायचे.

झेंडी पडली. अहाहा! दोघांचं ओझं घेऊनही बैल वाऱ्यासारखे निघाले. शेजारची जोडी मागे पडली, शेवटची खूण समोर दिसू लागली, आणि पाठीत धाडकन थाप बसली. मी जीव खाऊन कासरे ओढले. शेजारची जोडी सणसणत पुढे गेली. वळून बघतो तर मेहुण्याचं तोंड पडलेलं. आपण जिंकतोय या आनंदात त्या गाढवाने थाप मारली होती! हरलो. पण दोन्ही बैल धडधाकट होते आणि मी वेड्यासारखा नाचत होतो.

घरी परतताना बायको आणि धाकटी पोर बंडीत मागे बसल्या होत्या. बायको काहीतरी बोलली. ‘हौ’ अगदी ओठांवर आलं. मी बंडी थांबवली, मागे वळलो.

“आयकू नाही आलं. परत सांग.”

ती ओरडून म्हणाली, “बाकीचं बी सांगू का? लय साचलं हाय!”

“सांग!”

पटावरून परतणारा सगळा गाव ऐकत होता, तिला पर्वा नव्हती. “ही पोरगी पहिल्यांदा बोलली तं ‘बा’ म्हनली. तुमी जेवून राह्यलते. मी सांगतलं. तुमी ‘हौ’ म्हनले अन् भात कालवत राह्यले.”

धाकटी तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. मी तिला उचलून पुढ्यात घेतलं, तिचं तोंड माझ्या कानाशी लावलं आणि म्हटलं, “आता म्हन.”

ती इतक्या जोरात ओरडली की बैल आपणहून चालू लागले.