क्लचमावशीचे चार पहारेकरी

क्लचमावशीबद्दल पहिली गोष्ट तुमच्या कानावर येईल ती ही, की तिनं नवऱ्याचा बेडूक केलाय आणि तो गाडीच्या डॅशबोर्डवर बसवलाय. सांगणारा आधी आवाज खाली आणतो, मग इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "हिरवा आहे. डोळे अगदी माणसासारखे. ब्रेक मारला की मान हलवतो बिचारा."

बेडूक खरा आहे. म्हणजे रबराचा आहे, पण आहे. नवरा मात्र मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत बसलेला असतो. मान तोही हलवतो, कारण मावशी बोलत असताना दुसरं काही करायला वाव नसतो. बेडूक त्यानंच आणलेला. मी एकदा तोंडावरच विचारलं, "काका, लोक म्हणतात तुमचा बेडूक झालाय."

काकांनी हातातली काच उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "निदान त्याला गाडीतून फिरायला तरी मिळतं."

उरला प्रश्न, मावशी चेटकीण आहे का. याचं उत्तर ती स्वतःच देते. "हो तर. पण फक्त बुधवारी. बाकीचे दिवस क्लास असतात."

क्लास गाडी शिकवण्याचा. एक खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराबाहेर एक छोटी पिवळी गाडी. क्लचमावशी हे नाव तिच्या ओरडण्यावरून पडलं. "क्लच! अगं क्लच! अगं तो ब्रेक, क्लच त्याच्या शेजारी राहतो!" आणि दर वीस पावलांवर, "आरसा! शोभेला नाही लावलेला तो!" हे मी इतकं हुबेहूब करते, की एकदा काका मागच्या खोलीतून मावशीचा चहा घेऊन आले, मला पाहिलं आणि कप घेऊन परत गेले.

बुधवारी संध्याकाळी मात्र ती हळू बोलते. टेबलावर मेणबत्ती लावते आणि काळ्या पुठ्ठ्याची जाड वही उघडते. वहीत चंद्राच्या कला आहेत, पानाफुलांची चित्रं आहेत, कुठल्या कामाला कुठल्या रंगाचा धागा याची यादी आहे, आणि त्याच यादीत मधेच 'वायपरची पाती बदलणे' असंही आहे. मग ती पिशव्या शिवते. प्रत्येकीत चिमूटभर खडेमीठ, रोजमेरी नावाचा वाळवलेला सुगंधी पाला आणि भंगारात गेलेल्या गाडीचा एक नट. वर लाल धाग्याच्या तीन गाठी. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एक पिशवी. ती आरशाला टांगायची आणि मगच किल्ली फिरवायची.

ही विद्या काही तिला पिढ्यान्‌पिढ्या वगैरे मिळालेली नाही. इंटरनेटवरून मिळाली. बारा वर्षांपूर्वी ती मालाची व्हॅन चालवायची. एका वळणावर व्हॅन उलटली. मावशीला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला की हात थरथरायचे. आठ महिने ती सगळीकडे पायी गेली. मग जिथे देशोदेशीच्या हौशी चेटकिणी एकमेकींना कृती सांगत बसतात, अशा कुठल्याशा ठिकाणी तिनं वाचलं, की ज्या जागेची भीती वाटते तिच्याभोवती कुंपण घाल. सावकाश चालत, कोपऱ्याकोपऱ्यावर पहारेकरी नेमत.

"मी म्हटलं, कोपरे कुठून आणू? व्हॅनला चाकं आहेत, चार आहेत, चालतील. एकेकाला हात लावला, एकेकाला नाव दिलं. चौथ्यापाशी आले तर हात गप्प. पोरी, मी तिथेच चाकाला टेकून रडले. काकांना वाटलं पंक्चर आहे."

तेव्हापासून तिच्या प्रत्येक गाडीला तेच चार पहारेकरी. पुढे जागल्या आणि खवट्या. मागे डावीकडे उसाशा, कारण त्याची हवा कायम जराशी कमी. मागे उजवीकडे थोरला. प्रत्येकाशी थांबायचं, वाकून बघायचं, हात लावायचा, हाक मारायची. मग आत बसून तिन्ही आरशांचे 'डोळे उघडायचे', पट्ट्याची 'गाठ मारायची' आणि निघायचं.

"पण मावशी, यानं अपघात टळतो का?"

"मंत्रानं ब्रेक लागत नाही गं मैने, पायानं लागतो. पण घाबरलेल्या पायाला ब्रेक सापडत नाही, त्याचं काय करतेस?"

मैना म्हणजे मी. नकला करते म्हणून.

रविवारी दुपारी याच खोलीत तिची दुसरी हौस चालते. दोन खुर्च्यांच्या सात होतात, काका लोकरी नमद्याच्या टोकदार टोप्या वाटतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि वीस बाजूंच्या फाशावर एक लांबलचक गोष्ट पुढे सरकते. किल्ले, जंगलं, शाप, खजिने. गोष्ट मावशी चालवते. बाजारातला कुलूपवाला त्यात चोर आहे आणि गेले सात महिने एका बंद दारासमोर अडकलाय, कारण फाशावर हवा तो आकडाच पडत नाही. "बाहेर मी दिवसाला तीस कुलपं उघडतो हो!" असं तो दर रविवारी म्हणतो आणि सगळे दर रविवारी हसतात. माझ्याकडे आवाजांचं खातं. राक्षस, घुबड, गंजलेली बिजागरी, चिडलेली राणी, सगळे आवाज माझे.

इथे आमच्या आईचा प्रवेश होतो, आणि गाडी बंद पडते.

आई परिचारिका. वॉर्डात अकरा वर्षं काढलेली. रक्ताला घाबरत नाही, मोठ्या डॉक्टरांना घाबरत नाही, पेशंटच्या नातेवाइकांनाही घाबरत नाही. गाडीला घाबरते. गिअर टाकताना 'सॉरी हं' म्हणते, गाडीला. मावशीकडे शिकूनही लायसन्सच्या परीक्षेत चार वेळा नापास. तिसऱ्या वेळी तिनं समोरच्या व्हॅनला आधी जाऊ दिलं. चार मिनिटं थांबली. व्हॅन कडेला लावून ठेवलेली होती आणि आत कुणी नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आईला एक जागा मिळाली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे स्वतः गाडी घेऊन जायचं, त्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिला ती जागा किती हवी होती हे मी सांगते. वॉर्डात, ती म्हणायची, माणसं येतात नि जातात, ओळखीचे राहतात ते फक्त पलंग. आता महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवायचं, नाहीतर जागा दुसऱ्या सिस्टरला. पाचवी परीक्षा होती अठ्ठावीस तारखेला.

आणि परीक्षक होते हं-साहेब. ते 'हं' सोडून सहसा काही बोलत नाहीत. त्यांचे सहा हं आहेत. निघा, वळा, थांबा, हे काय, नापास, आणि सहावा पासचा. पहिले पाच मी झोपेतही काढू शकते. सहावा आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

चौथ्या परीक्षेत आईनं एका कबुतरासाठी करकचून ब्रेक मारला. आरशाची पिशवी सुटली, समोर आपटून फुटली आणि सगळं मीठ साहेबांच्या मांडीवर, फायलीवर आणि मिशीत. "सॉरी हं," आई म्हणाली. साहेबांना म्हणाली की गाडीला, हे आजवर कळलेलं नाही. साहेबांनी एक सातवा हं काढला, तो मला अजूनही जमत नाही.

चार दिवसांनी कार्यालयाच्या खिडकीवर सूचना लागली. 'परीक्षेच्या वाहनात मीठ, धागे, पाला, बेडूक व तत्सम वस्तू आणू नयेत. सर्व शाळांच्या उमेदवारांची परीक्षा यापुढे कार्यालयाच्याच वाहनातून घेण्यात येईल.'

पिवळी गाडी समोर उभी करून आम्ही तिघींनी ती वाचली. मी आणि मावशी पुढे, आई मागे.

"तत्सम?" मावशी म्हणाली. "माझ्या बेडकासारखं दुसरं काय असतं?"

"झालं," मी म्हटलं. "पिशवी नाही, बेडूक नाही, आपली गाडीही नाही. मावशी, लाव पैज. आई नापास."

"अगं, मी इथेच बसलेय," आई मागून म्हणाली.

"तुला लागावं म्हणून नाही गं आई. सामानच नाही तर कसं व्हायचं?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती चुकीच्या बाजूनं येणाऱ्या सायकलीकडे बघते. "म्हणजे त्या पिशवीवर माझ्यापेक्षा तुझाच विश्वास जास्त! बरं. लागली पैज. तू जिंकलीस तर तीन रविवार गोष्ट तू चालवायची."

"आणि हरले तर?"

"तर तीन रविवार तू दगड."

"म्हणजे दगडाचा राक्षस?"

"दगड. वाटेतला. न बोलणारा."

आई मागे हसायला लागली. तिला गाडीत बसून हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

अठ्ठावीस तारखेला मी आणि मावशी परीक्षेच्या मैदानाच्या जाळीला नाक लावून उभ्या. कार्यालयाची गाडी राखाडी, मोठी, आत काहीही नाही. हं-साहेब फाइल घेऊन आले. आई दारापाशी उभी. मुठीकडे नेलेला हात तिनं दोनदा मागे घेतला, हे मला जाळीतून दिसलं. मावशीनं ज्या भीतीमुळे आठ महिने पायी काढले, तीच ही भीती. मी पैज जिंकत आले होते आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

"हं," साहेब म्हणाले. निघा-हं.

आईनं दार उघडलं आणि परत लावलं. "साहेब, गाडीभोवती एक फेरी मारली तर चालेल? सोबत काही नाहीये माझ्या." तिनं रिकामे हात पुढे करून दाखवले.

"हं?"

तिनं त्याचा अर्थ चालेल असा घेतला. पुढच्या चाकाशी थांबली, वाकली, हात लावला, ओठ हलले. "जागल्या," मावशी माझ्या कानाशी पुटपुटली. आई दुसऱ्याकडे गेली. "खवट्या." तिसरं चाक. "उसाशा." आता आईची चाल बदलली होती. वॉर्डात राऊंड घेताना ती अशी चालते. चौथ्यापाशी ती वाकली आणि वर उठेचना. अंगठ्यानं दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं, जसं सुजलेल्या पायावर दाबून बघतात.

"साहेब," आई म्हणाली, आणि हा तिचा वॉर्डातला आवाज होता, "थोरला बसलाय."

"कोण थोरला?" साहेब म्हणाले. दोन शब्द! रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या.

साहेब आले, वाकले. चाकात बोटभर लांब खिळा. हवा अर्ध्याच्या खाली. साहेबांनी खिळ्याकडे पाहिलं, मग दिवसभराच्या यादीकडे. सकाळपासून इतर शाळांच्या सात जणांना घेऊन ते याच गाडीतून उतारावरून गेले होते, आणि सातांपैकी एकानंही चाकाकडे बघितलं नव्हतं. साहेबांनीही नाही. त्यांनी रुमाल काढून मिशी पुसली. तिच्यावर मीठ नव्हतं, पण सवय लागली असावी.

शिपायानं स्टेपनी लावली. आईनं त्या नव्या चाकालाही हात लावला, तिन्ही आरसे नीट केले, पट्टा ओढला आणि गेली.

पुढचं मला आईकडून कळलं. उतारावर गाडी एकदा बंद पडली. तिनं 'सॉरी हं' म्हटलं, पुन्हा चालू केली आणि निघाली. एक उभी व्हॅन लागली. आईनं तिच्याकडे पाहिलं, आत कुणी नाही हे बघितलं आणि बाजूनं नेली. मैदानात परत आल्यावर साहेबांनी कागदावर सही केली आणि जे म्हणाले ते आईनं घरी तीनदा करून दाखवलं. छोटा, वर जाणारा, शेवटी जरासा हसणारा. सहावा हं. आईला नक्कल येते हे मला माहीतच नव्हतं.

पहिल्या तारखेला ती कामावर रुजू झाली. तिच्या आरशाला आता पिशवी आहे, घट्ट शिवलेली. आणि कार्यालयाच्या खिडकीवर जुन्या सूचनेखाली नवी ओळ आली, 'उमेदवाराने वाहन सुरू करण्यापूर्वी त्याभोवती एक फेरी मारून चाके तपासावीत.' मावशीनं त्या ओळीचा फोटो काढून काळ्या वहीत चिकटवला, चंद्राच्या कलांच्या शेजारी.

आणि मी? मी दगड झाले.

काकांनी मुद्दाम करड्या रंगाची टोपी बनवून दिली. पहिला रविवार मी दात आवळून काढला. एका राक्षसाचा आवाज आमच्यात खेळणाऱ्या दंतवैद्याच्या मदतनिसानं काढला, आणि तो राक्षस पावती मागत असल्यासारखा वाटत होता. दुसऱ्या रविवारी घुबड कावळ्यासारखं ओरडलं. मी टोपी नाकापर्यंत ओढली.

तिसऱ्या रविवारी, सगळं संपायला दहा मिनिटं असताना, मावशीनं मेणबत्ती जवळ ओढली आणि गोष्टीतल्या आवाजात म्हणाली, "चोरा, तू सात महिने ज्या दारासमोर बसला आहेस, त्याचा परवलीचा शब्द या जगात फक्त एकालाच ठाऊक आहे." आणि तिनं एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. "वाटेतल्या या दगडाला."

चिठ्ठीवर शब्द होता. कुलूपवाला खुर्चीवरून उठून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. "मैने, अगं बाळा, नुसते ओठ हलव!"

मी दगड. माझे कान लाल झाले, गाल फुगले.

"दगडा," मावशी अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुला काही म्हणायचंय का?"

"हं," माझ्या तोंडातून निघालं. सहावा. अगदी हुबेहूब.

"दगड बोलला," मावशी म्हणाली आणि वही उघडली. "चौथा रविवार."