ऐंशीला ओरडणारी ॲम्बॅसडर

आज घडलं ते असं:

१. कारंजाच्या पुढे हायवेवर बाबांची जुनी ॲम्बॅसडर ऐंशीवर नेली. इंजिन इतकं ओरडलं की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

२. बाबा म्हणाले, "इंजिन म्हातारं झालं व पोरी. रविवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं, देऊन टाकू."

३. घरी येऊन मी इंजिन तपासलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे इंजिन थकलेलं नाही.

४. मागची दोन्ही चाकं उचलून आम्ही दोघांनी ती बरोबरीने एक फेरी फिरवली. तेवढ्यात इंजिनकडून येणारा शाफ्ट जवळजवळ पाच फेऱ्या फिरला.

दोष इथे आहे. मागच्या ॲक्सलमधली क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी ओझं ओढायला उत्तम आहे, पण तिच्यामुळे ऐंशीच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेऱ्या मारतं. पाचाऐवजी चार फेऱ्यांची जोडी असेल तर २,६०० पुरतील.

बाबांनी वाकून ॲक्सलकडे पाहिलं. "हे त मीनंच बसवून घेतलं होतं व. वांगे भरले का गाडी पांदणीत चढेच नाई."

"मंग इंजिनाले काऊन नावं ठेवून राह्यले?"

ते हसले. "शोध तुयी जोडी शनिवारपर्यंत. नाई त चाबी गिऱ्हाईकाले."

शेताकडची ती पांदण, पूर्वीची कच्ची गाडीवाट, आता डांबरी झाली आहे. रस्ता बदलला म्हणून चांगली गाडी मी विकू देणार नाही.

कोणाकडे ॲम्बॅसडरची चारच्या आसपासची, दात न झिजलेली जोडी असेल तर फोटो आणि दोन्हींच्या दातांची संख्या पाठवा. न्यायला मी स्वतः येईन. उत्तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्या.