दांडीच्या किनाऱ्यावर मारलेली हाक

“ए पाटलूनवाल्या! हुबा काय ऱ्हायलास? हात हायत ना तुला? धर ती दोरी!”

गुडघाभर पाण्यात उभी राहून एक म्हातारी माझ्यावर ओरडत होती. आवाजाच्या बाबतीत मी सहसा कुणाला हार जात नाही. मी अ‍ॅल्युमिनियमची भांडी विकत गावोगाव फिरणारा माणूस. ठाण्याच्या बाजारात मी “पातेलीऽऽ” म्हटलं, की कळव्याच्या बायका चुलीवरचा भात उतरवून येत. पण त्या म्हातारीपुढे मी म्हणजे डासाची गुणगुण. “धरली, धरली!” असं ओरडत मी दोरी धरली.

आता मी तिथे पोचलो कसा, ते सांगतो. आदल्या दिवाळीत माझी बायको तापाने गेली. तेव्हापासून देवाशी माझं बोलणं बंद होतं. त्याचं नाव तोंडातून निघत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यानेही कधी चौकशी केली नाही. सहा दिवस धंद्यात निघून जात. रविवारी मात्र लॉजच्या खोलीतल्या भिंती माझ्याकडे टक लावून बसत. म्हणून ज्या गावी असेन तिथली सगळ्यात गजबजलेली आळी हुडकायची आणि दिवसभर तिथे हिंडायचं, असा मी नेम धरला होता. देवाच्या नेमापेक्षा कडक. नाशिकपासून नवसारीपर्यंत कुठल्या गावाची कुठली गल्ली रविवारी जास्त कलकलते, ते मला विचारावं. तळणाचा वास आणि बायकांचं भांडण, या दोन खुणांवर मी आंधळासुद्धा पोचलो असतो.

त्या रविवारी पालघरचा बाजार दुपारच्या आतच आटपला. मी बोईसरला आलो. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम तेव्हा जोरात होतं, आणि कामावरची माणसं सगळ्या मुलखांतून आलेली. एका पारावर पाच भाषांत एकच भांडण चाललेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. न्याय सहाव्या भाषेत झाला. पण जेवणं झाली तशी तीही मंडळी आडवी झाली. घोरणंसुद्धा थांबलं, तेव्हा मी पारावरून उठलो. मी चहावाल्याला विचारलं, आणखी गजबज कुठे मिळेल? तो म्हणाला, “दांडी जाओ, बाबूजी. वहाँ नाव आती है तो कोई नहीं सोता.” ही मिठाच्या सत्याग्रहाची दांडी नव्हे, बोईसरजवळचं कोळ्यांचं गाव. वाटेतल्या पाम गावापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे किनाऱ्यापर्यंत चालत गेलो.

समोर होडी होती. हत्तीएवढी म्हटलं तर हत्तीचा अपमान होईल. ती लाटेने आडवी होऊन खडकाकडे सरकत होती. दोरीला बायका, म्हातारे, पोरं, सारा गाव लागलेला. पण ज्याच्या हाकेवर सगळे ओढतात, त्या तांडेलाचा घसा बसला होता, आणि हाकेशिवाय हात एकदम पडेनात. जो तो आपापल्या वेळेला ओढत होता.

“बाजारात वरडनाऱ्याचं नरडं दिसतंय तुझं,” म्हातारी म्हणाली. “दे हाक! कुनाबी देवाचं नाव घे!”

मी तोंड उघडलं. लहानपणापासून पाठ असलेली सगळी नावं घशाशी येऊन उभी राहिली, पण एकही पुढे सरेना. लाट आली. होडीची कड खडकाला घासल्याचा आवाज झाला. म्हातारीने डोळे मिटले. तिचा मुलगा त्याच होडीत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, “शेवंताऽऽ!”

ते माझ्या बायकोचं नाव. आमच्या पिढीत नवऱ्याने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची रीत नव्हती. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं म्हणून एकदा घेतलं, तेवढंच. पुढे सारा संसार “अगं” आणि “ऐकलंस का” यांवर झाला. आणि आता अख्खा किनारा त्या नावाने गरजत होता. मी “शेवंताऽऽ” म्हणावं, शंभर गळ्यांनी “शेवंताऽऽ” म्हणावं आणि दोरी ताठ व्हावी. होडीचं तोंड वळलं. मग ती वाळूवर अशी चढली, की मला वाटलं आता बोईसर स्टेशनावरच थांबते.

मी ओल्या वाळूत बसून लहान मुलासारखा रडलो. हा चमत्कार होता का, ते मी सांगणार नाही. माझ्या तोंडच्या चमत्कारांवर लोक तसाही विश्वास ठेवत नाहीत. एवढंच कळलं, की मी आवाजाच्या मागे गावोगाव धावत होतो, आणि माझा आवाज मात्र मुठीत आवळून धरला होता. मूठ मी सोडली नाही. कुणीतरी ती सोडवून घेतली. त्या संध्याकाळी किती तरी महिन्यांनी मी हात जोडले.

म्हातारी लुगडं पिळत जवळ आली. “कुठची देवी रं ही? आमी कदी ऐकली नाय.”

“देवी नाही, आजी. माझी बायको. गेली ती.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

“बरं. दुसरी होडी येतेय. परत हाक दे.”